आईवेगळी मुले, बापावेगळी मुले आणि आपला धम्म

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात इतिहासावर काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. विहाराची जागा कशी मिळाली, वर्गणी कशी जमली, पहिली पत्र्याची शेड कोणी उभारली, हे आमच्याहून ज्येष्ठ बांधव लिहीत आहेत. लेण्यांवर आणि सम्राट अशोकावर लिहिणारे शिकलेले तरुणही आता आपल्यात पुष्कळ झाले. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा दहावीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या सभेत आणि विहाराच्या चटईवर. म्हणून आम्ही असा विषय घेतला आहे की ज्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. आपली मुलं वाढवली कोणी?

याला निमित्तही घडले. गेल्या वर्षावासात एका वक्त्याने प्रवचनात सांगितले की, ज्या घरात आई आणि बाप दोघे नांदतात त्याच घरात धम्मसंस्कार टिकतात. एकत्र कुटुंबे मोडली म्हणून आजची मुले बिघडली. बोलणे ठसक्यात होते. पुष्कळांनी माना डोलावल्या, आम्हीसुद्धा डोलावली. मग सहज महिलांच्या रांगेकडे लक्ष गेले. आपल्याच वस्तीतल्या चार-पाच भगिनी, ज्यांनी एकटीने पोरं वाढवली, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. घरी आल्यावर झोप लागेना. आपल्या धम्माचा इतिहास खरोखर असे सांगतो काय, ते तपासावे असे मनाने घेतले.

सुरुवात तथागतांपासूनच करू. सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामाया गेल्या. म्हणजे ज्यांना आपण रोज सकाळ-संध्याकाळ वंदन करतो ते आईवेगळे पोर होते. त्यांना वाढवले मावशीने, महाप्रजापती गौतमीने. ती शुद्धोदनाचीच दुसरी राणी, म्हणजे नात्याने मावशी आणि सावत्र आई दोन्ही. तिला स्वतःचा मुलगा होता, नंद. परंपरा असे सांगते की तिने आपल्या पोटच्या नंदाला दाईच्या हाती दिले आणि सिद्धार्थाला स्वतःच्या अंगावर पाजले. सावत्र आई म्हटली की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. बौद्ध जगाच्या इतिहासातली पहिली मोठी स्त्री सावत्र आई होती, हे आपण मुलांना कधी सांगतो का?

पुढे हीच गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली, पाय सुजले, अंगावर धूळ, आणि भिक्खुणी संघासाठी दाराशी रडत उभी राहिली. तेव्हा भदंत आनंदाने तथागतांपुढे तिची बाजू मांडली. विनयपिटकात ही हकीकत आहे. आनंदाच्या बोलण्यात एक मुद्दा असा होता की, जन्मदात्री गेल्यावर हिने आपल्याला दूध पाजले, हिचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. म्हणजे संघाचे दार स्त्रियांना उघडताना मूल वाढवण्याचे काम पुरावा म्हणून पुढे आले. घरातल्या कामाला एवढा मान दिलेली दुसरी गोष्ट आमच्या वाचनात नाही.

आता जीवकाची हकीकत घ्या. राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. तिने दासीला सांगून ते तान्हे मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. बिंबिसार राजाचा मुलगा अभय त्या वाटेने जात होता. कावळे गोळा झालेले पाहून त्याने विचारले, काय आहे ते? मूल आहे. जिवंत आहे का? जिवंत आहे. म्हणून नाव पडले जीवक. राजपुत्राने वाढवला म्हणून कोमारभच्च. मोठा झाल्यावर त्याने अभयाला विचारले, माझी आई कोण, बाप कोण? अभयाने खोटे सांगितले नाही. तुझी आई मला माहीत नाही, पण मी तुला वाढवले म्हणून मी तुझा बाप, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. या जीवकाने तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकले आणि तो तथागतांचा आणि संघाचा वैद्य झाला. राजगीरला जाऊन आलेल्या आपल्या बांधवांनी जीवकाच्या आमराईची जागा पाहिली असेल. बस थांबते, फोटो काढतात, पुढे जातात. उकिरड्यावरच्या पोराची ती जागा आहे, हे गाईडही सांगत नाही.

कुमार कश्यप हेही असेच. त्यांची आई भिक्खुणी झाली तेव्हा आपण गरोदर आहोत हे तिला माहीत नव्हते. लोक बोलू लागले. तथागतांनी रीतसर चौकशी करवली, विशाखेने तपासणी करून ती निर्दोष असल्याचे सांगितले. मुलाला कोसलच्या प्रसेनजित राजाने वाढवले आणि पुढे ते धम्मप्रवचन करणाऱ्यांत अग्रगण्य ठरले.

राहुलाचा प्रश्न मात्र अवघड आहे, तो टाळून चालणार नाही. बायको-पोराला टाकून गेला तुमचा बुद्ध, असे टोमणे आम्ही गिरणीत जेवणाच्या सुट्टीत ऐकले आहेत. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा हे गृहत्यागाचे कारण मांडले आहे, आणि सिद्धार्थ आईवडील व यशोधरेचा निरोप घेऊन निघाले असे दाखवले आहे. तरी बाप घरात नाही तेव्हा पोराला काय वाटते, हा सवाल उरतोच. विनयपिटकाने तो लपवलेला नाही. तथागत कपिलवस्तूला परत आले तेव्हा यशोधरेने राहुलाला पुढे पाठवले, जा, बापाकडे वारसा माग. पोर मागे मागे गेले. तथागतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. हे कळल्यावर म्हातारे शुद्धोदन आले. मुलगा गेला, दुसरा मुलगा नंद गेला, आता नातूही गेला. मुलाची माया कातडी, मांस, हाडे फोडून मज्जेपर्यंत जाते, अशा शब्दांत त्यांनी दुःख सांगितले. आणि एवढेच मागितले की, यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये.

तथागतांनी ते मान्य केले. तो नियम झाला आणि आजही आहे. आपल्या श्रामणेर शिबिरात मुलाला बसवताना पालकाची लेखी संमती घेतात, तिचे मूळ या आजोबांच्या रडण्यात आहे. आम्हाला यात फार मोठी गोष्ट दिसते. घराच्या दुःखाची दखल घेऊन धम्माने स्वतःचा नियम बदलला.

राहुलाला पुढे बापाने जे दिले तेही पाहा. खोटे बोलू नये, हे शिकवताना तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले, ते ओतून टाकले, भांडे पालथे केले आणि लाज नसलेल्या माणसाचे जीवन या भांड्यासारखे होते हे समजावले. मारले नाही, नरकाची भीती घातली नाही. राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खूंना आणि उपासकांना जे धम्मग्रंथ आवर्जून ऐकायला सांगितले त्यांत खोट्या बोलण्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. तो दगड कोलकात्याला आहे. एका बापाने पोराला भांड्यातले पाणी दाखवून केलेला उपदेश सम्राटाने दगडावर कोरून ठेवला.

मुलांविषयी आपल्या धम्मात सर्वांत स्पष्ट सांगितले आहे ते सिगालोवाद सुत्तात. सिगाल हा गृहस्थाचा मुलगा. त्याचा बाप वारलेला. मरताना बापाने सांगितले म्हणून तो रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना हात जोडायचा. तथागतांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. मुलांनी त्यांचे काय करावे हे सांगितले, आणि आईवडिलांनी मुलांचे काय करावे हेही. वाईटापासून रोखावे, चांगल्याला लावावे, हुन्नर शिकवावा, योग्य जोडीदार पाहून द्यावा, वेळेवर वारसा स्वाधीन करावा. आपल्याकडे प्रवचनात पहिली पाच तोंडपाठ, दुसरी पाच सांगताना वेळ संपलेली असते. आम्ही ती दुसरी पाच पुन्हा पुन्हा वाचली. ही सगळी करायची कामे आहेत. ती माणसाने एका छपराखाली किती जणांसोबत राहून करावीत, याचा हिशोब त्यात दिलेला नाही. मावशीने केली, राजपुत्राने केली, आजोबांनी केली. जिथे झाली तिथे मूल उभे राहिले.

आता परमपूज्य बाबासाहेबांच्या घरात येऊ. १८९६ साली साताऱ्याला भीमाबाई गेल्या. भिवा पाच वर्षांचा. मोठ्या बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. रामजीबाबा सातारा जिल्ह्यातच दुसऱ्या गावी दुष्काळी कामावर नोकरीला. घरात कोण? भिवा, त्याचा थोरला भाऊ, बहिणीचे दोन मुलगे, आणि आत्या मीराबाई. ती अंगाने लहानखुरी, पायांनी अधू. पुष्कळदा तिलाच उचलून ठेवावे लागे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे स्वतः लिहिले आहे. पोरं शाळेत जायची आणि स्वयंपाकही करायची. भाकरी-पोळी जमत नव्हती म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायची, ते सगळ्यांत सोपे. १९०१ साली याच पोरांनी बापाला भेटायला जाताना स्टेशनावर आणि बैलगाडीत जो अपमान सोसला, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या प्रसंगाच्या आधीचे हे घर आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अधू आत्या, चार पोरं, चुलीवर पुलाव. वक्त्याच्या व्याख्येत हे घर बसते का?

पुढे रामजीबाबांनी दुसरे लग्न केले. भिवाला ते रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्याला राग यायचा. आपण स्वतः कमवायचे असे त्याने ठरवले. साताऱ्याची पोरं मुंबईला गिरणीत लागतात असे त्याने ऐकले होते. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी रात्री चोरली, तर तिच्यात निघाला अर्धा आणा! मन खजील झाले, गिरणीचा विचार सुटला आणि अभ्यासाचा निश्चय झाला. आम्ही गिरणीवाले हा प्रसंग वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्या पिशवीत दोन-तीन रुपये असते तर? आत्याची गरिबी देशाच्या कामी आली म्हणायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सावत्र आईवर भिवा रागावला, म्हणून जिजाबाई वाईट होत्या असे ठरत नाही. आईवेगळ्या पोराचा राग कुठेतरी जायचाच. रामजीबाबांचे मात्र नवल वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी भिवाला साताऱ्याच्या हायस्कुलात घातले. मुंबईत आल्यावर परळच्या डबक चाळीत एकच खोली. रात्री दोन वाजता पोराला उठवायचे आणि अभ्यासाला बसवायचे. पुस्तकाला पैसे नसले की लेकींच्या घरी जाऊन उसने आणायचे, लेकीचा दागिना गहाण टाकायचा. सिगालोवादातली हुन्नर शिकवण्याची आज्ञा याहून वेगळी काय असते? आणि त्या लेकींचे, दागिना काढून देणाऱ्या बहिणींचे नावसुद्धा आपण घेत नाही.

माता रमाईसुद्धा पोरकीच. दापोलीजवळच्या वणंदच्या. आईबाप लहानपणीच गेले, काका-मामांनी भायखळ्याच्या मार्केटजवळ भावंडांना सांभाळले. आणि पुढे काय झाले? १९२७ साली आनंदराव वारल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद याच कुटुंबात राहिले. पोरक्या मुलीने मोठी झाल्यावर बापावेगळ्या पुतण्याला आपल्या मुलाबरोबर वाढवले.

एकत्र कुटुंब मोडले, असा जो सूर लावतात त्यांना आमचा सवाल आहे की, आपले एकत्र कुटुंब होते कधी? पुस्तकातल्या वाड्यातले एकत्र कुटुंब जमीनवाल्यांचे. आपली माणसं कोकणातून, घाटावरून गिरणीत आली ती एकटी. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच वळकटीवर आडवे व्हायचे. बायको-पोरं गावाला. पोराला बाप म्हणजे मनीऑर्डर, आणि शिमग्याला किंवा मे महिन्यात येणारा, गोळ्या-बिस्किटं आणणारा पाहुणा. गावाला पोर सांभाळायची आजी. कित्येक घरांत खरी पूर्व दिशा म्हणजे ही आजी होती.

ज्या बायका मुंबईत आल्या आणि वाइंडिंग, रीलिंग खात्यात लागल्या, त्यांच्या तान्ह्यांचा इतिहास वाचवत नाही. १९२१ साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त मुले वर्ष पुरे व्हायच्या आत गेली. यात एक गोम आहे. बाळंतपणाला बायका गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे आणि मरण इकडे, त्यामुळे आकडा फुगतो. पण फुगवटा काढला तरी उरते ते भयंकरच. आई पाळीवर गेली की मूल रडू नये म्हणून अफूची बाळगोळी द्यायची पद्धत सर्रास होती. आई दुष्ट नव्हती. भोंगा थांबत नव्हता, एवढेच. त्या घरांतही आई होती, बाप होता, लग्न रीतसर झालेले होते. म्हणून बाबासाहेब २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्याचा तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या भगिनींना लग्नाची घाई करू नका, जास्त मुलांचा भार घेऊ नका, असे सांगितले. मुलाच्या भल्याचा विचार त्यांनी कायद्यात आणि पगारात शोधला, नुसत्या उपदेशात नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही बारा वर्षांचे होतो. सहा महिन्यांनी वडील गावी गेले, दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. मधूनमधून यायचे, बोलायचे कमी. आईने आधी पुलाखाली भाजी विकली, मग धुण्याभांड्याची चार घरं धरली. वडील असून नसल्यासारखे, आई सकाळी सहाला बाहेर. मग घर चालवले कोणी? आमच्या थोरल्या बहिणीने. ती आठवीत होती. शाळेतून काढली ती परत गेलीच नाही. आमची वेणी-फणी सोडून सगळं तिने केलं. आम्ही आजारी पडलो की उशाशी तीच, गृहपाठ झाला का विचारणारीही तीच. सिगालोवादातली पाच कामे चौदा वर्षांच्या पोरीने केली.

आम्ही सभांत अभिमानाने सांगायचो, संपात आमचं घर मोडलं नाही. बहिणीच्या मुलीने पदवी घेतली तेव्हा पेढा देता देता ती आम्हाला म्हणाली, "माझा नंबर पहिल्या पाचात असायचा रे." त्यानंतर तो अभिमान सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून वर जे लिहिले त्याला आम्ही स्वतःच एक पुरवणी जोडतो. कोणीतरी सांभाळले की झाले, असे नाही. सांभाळणारे मूलच असेल तर एक पोर उभे करताना दुसरे खर्ची पडते. साताऱ्याच्या घरात चुलीपुढे बसलेली पोरंच होती. आणि आपल्या वस्तीत हा खर्च बहुतेक वेळा मुलीच्या नावावर पडला आहे.

दोन माणसं असणे मोठी गोष्ट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन पगार, दोन जोडी हात, एक आजारी पडला तर दुसरा. एकटीने वाढवणे किती जड असते ते आम्ही आईच्या पायांच्या भेगांत पाहिले आहे. पण दोन माणसं असलेल्या खोलीत रोज रात्री बाटली आणि मारहाण चालते, आणि पोरं जिन्यात येऊन बसतात, हेही चाळीत सगळ्यांनी पाहिले आहे. त्या पोरांच्या शाळेच्या फॉर्मवर आईबाप दोघांची नावे व्यवस्थित असत. जिन्यात बसलेल्या पोराला शेजारची मावशी आत घेऊन जेवायला वाढायची, तो चाळीचा धर्म होता. बीडीडीच्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीची दारे दिवसभर उघडी असत. ऑगस्ट २०२५ पासून वरळीची काही कुटुंबे नव्या मोठ्या इमारतीत गेली, इतरही जातील. चांगलेच झाले, संडासच्या रांगेतून सुटलो. पण दार आता बंद असते. जिन्यात बसायचे तरी कोणत्या मजल्यावर, हे पोराने ठरवायचे.

कायद्याचेही दोन शब्द. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे होऊन १९५५-५६ साली कायदे झाले, ते आपल्याला बौद्ध म्हणूनही लागू आहेत. १९५६ च्या दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली. विधवा, घटस्फोटित, अविवाहित बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागले. त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्यात मात्र पालक म्हणून आधी बाप, त्यानंतर आई असे शब्द आले. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 'त्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे. बाप लक्ष देत नसेल तर आईच पालक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचे नाव, मग वडिलांचे असा सरकारी नियम झाला. सरकारी कागद इथवर आले. आम्ही कुठवर आलो?

हे लिहायला हात जड होतो, पण लिहितो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका विहार समितीचे चिटणीस होतो. वस्तीतल्या एका भगिनीच्या मुलीचा मंगल परिणय होता. या बाईला नवऱ्याने टाकले होते, दुसरा संसार केला होता. पोळी-भाजीचे डबे करून तिने दोन मुले शिकवली. आपल्या मंगल परिणयात कन्यादान नाही, सप्तपदी नाही. तरी वधूच्या बाजूला आईबापाची खुर्ची असते. समितीत चर्चा झाली की, बाप हयात आहे, त्याला बोलवा, एकटी बाई स्टेजवर बरी दिसत नाही. निरोप गेला, तो नवा शर्ट घालून आला आणि खुर्चीवर बसला. ज्याने मुलीला एक वही घेऊन दिली नव्हती. आई कुठे होती? मागे स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी. वधूपिता म्हणून त्याचे नाव माईकवरून आम्ही पुकारले. रजिस्टरवर पालक म्हणून सही त्याचीच घेतली. कोणाला वाईट वाटावे असा आमचा हेतू नव्हता, असे आम्ही बरीच वर्षे स्वतःला सांगितले. महाप्रजापतीची गोष्ट आम्हाला तेव्हाही पाठ होती.

आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, तेव्हापासून विहारात वेळ देता येतो. रविवारच्या धम्मवर्गाचे काम आमच्याकडे आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचे नाव' हा रकाना होता, तो समितीच्या संमतीने यंदा काढून 'मुलाला सांभाळणाऱ्याचे नाव' असा केला. एकदोघांनी विचारले, हे काय नवीन? आम्ही सिगालोवाद काढून दाखवले.

जून महिन्यात त्याच बाई नातीला घेऊन आल्या. मुलाची मुलगी, सून कामाला जाते, पोर आजीपाशी असते. आम्ही फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावून रकाना वाचला, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही वर पाहिले नाही. त्यांनी पेन मागितले, सावकाश एकेक अक्षर काढून स्वतःचे नाव लिहिले आणि विचारले, "सही कुठं करायची, भाऊ?" आम्ही बोटाने जागा दाखवली.